तांडेलाचं इंजिन

वासू सारंगांनी इंजिनावरचं गोणपाट ओढून काढलं, पण लगेच हात लावला नाही. आधी वाकून वास घेतला, बाजारात सुरमईचे कल्ले उचलून घेतात तसा.

“गोड्या पाण्यान धुतलेला आसा,” ते म्हणाले.

“तुमीच धुतल्यात मा,” मी म्हटलं.

“होय तर. म्हणानच बघूक इलंय.”

आमच्या मांगराला, जाळी ठेवायच्या त्या खोपीला, एकच दार होतं, तेही वाकून जायचं. खिडकी नव्हती. वैशाखातल्या त्या सकाळी आत उभं राहिलं की मानेवरून घाम उतरायचा आणि तिथेच थांबायचा. आढ्याला जुनी जाळी लोंबत होती, आणि दाराशी दोन पांढरे प्लास्टिकचे कॅन टांगलेले होते. दिगूने त्यांना लाल फडक्यांचे बावटे लावून आमचं आडनाव रंगवलं होतं. हे बोये. जाळ्याच्या दोन टोकांना बांधले की पाण्याखाली जाळं कुठून कुठवर आहे ते लांबून कळतं. आत-बाहेर करताना ते दर वेळी माझ्या डोक्याला लागत. मी ते हाताने बाजूला करायची आणि ते परत येऊन लागायचे.

माघात बाबांची होडी खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्यावर रिकामी सापडली. इंजिनाचा पाय वाळूत रुतलेला. बाबा त्यानंतर सापडले, खडकांच्या पलीकडे. कमरेचं म्यान तेवढं रिकामं होतं. सुरी पाण्यात पडली असणार, असं सगळ्यांनी धरलं. सगळी वाडी किनाऱ्यावर त्यांना शोधत होती तेव्हा वासू सारंगांनी होडीवरून इंजिन उतरवलं, विहिरीच्या पाण्याने धुतलं, प्लग काढून आत तेल सोडलं आणि आमच्या मांगरात आणून झाकून ठेवलं. त्यावरून लोक पुष्कळ बोलले. माणूस मिळत नाही आणि ह्याला इंजिनाची काळजी. आता तेच इंजिन विकत घ्यायला तेच आले होते, आणि कुंपणापलीकडे गुणाकाकी सकाळपासून एकच सुका बांगडा उलटापालटा करत होत्या.

बाबा आमच्या वाडीचे तांडेल. रघुवीर कोयंडे हे नाव फक्त सोसायटीच्या फळ्यावर होतं. एरवी लहानमोठे सगळे तांडेलच म्हणत. नारळी पौर्णिमेला पहिला नारळ त्यांचा, आणि खाडीतल्या भांडणात शेवटचा शब्दही त्यांचाच. इंजिन मात्र दिगूच्या ताब्यात होतं. दिगू माझा धाकटा भाऊ. तालुक्याचा मेकॅनिक वेळेवर आला नाही म्हणून त्याने स्वतःच कार्बोरेटर खोलून साफ केला, बसवला. त्यानंतर पहिल्यांदाच होडी बाहेर काढायची होती. बाबा दिगूशिवाय कधी समुद्रावर जात नसत. त्या पहाटे मात्र त्याला उठवून म्हणाले, “आज मी एकटोच जातंय. तुझा इंजिन माका परत हाडता काय बघूया.”

हे दिगूने मला एकदाच सांगितलं. बाबा हसत म्हणाले की रागात, ते त्याला आठवत नव्हतं. तो रोज आठवायचा प्रयत्न करायचा.

खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं, लाटेने होडी आडवी झाली आणि तांडेल फेकले गेले. हे कोणी पाहिलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. बाराव्याला पानं उठल्यावर आई दिगूसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “तुझ्या हातान गेले ते.” त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. त्याचं ताट वाढायची, वर दुसरं ताट झाकायची आणि मागच्या पडवीत जाऊन बसायची. दिगू आतल्या खोलीत उघड्या अंगाने भिंतीला टेकून असायचा. त्याला कुणी होडीवर बोलावत नव्हतं. ज्याच्या इंजिनाने बाप नेला, त्याला कोण बोलावणार?

मी कोल्हापूरला कॉलेजच्या ग्रंथालयात होते. रजा घेऊन यायची, दोघांच्या मधे बसून जेवायची आणि परत जायची. घर तसंच राहायचं. कोल्हापूरला पोचल्यावरही मी त्याच घरात असायची. पुस्तक उघडलं की दोन ताटं दिसायची, एकावर एक. या खेपेला आई म्हणाली, पावसाआधी ते इंजिन विकून टाक, मला ते दिसता कामा नये. मी बरं म्हटलं. पण विकण्याआधी जाणत्या माणसाने ते उघडून पाहावं, एवढं मनाशी ठरवलं. इंजिनात खोट नसली तर आईला तसं सांगायचं. खोट निघाली, तर दिगूला कायमचं माझ्याकडे घेऊन जायचं. त्या सकाळी त्याचे दोन सदरे मी घडी करून माझ्या बॅगेत ठेवले होते. त्याने ते पाहिलं, आणि मान भिंतीकडे वळवली.

आता सगळं त्या माणसाच्या हाती होतं, ज्याला आमच्या घराबद्दल चांगलं बोलायचं काहीच कारण नव्हतं.

“धर गो चेडवा,” वासूकाका म्हणाले. आम्ही दोघांनी इंजिन उचलून अंगणात आणलं. पाण्याने भरलेल्या पिंपावर फळी आडवी टाकली आणि पाय पाण्यात बुडेल असं ते फळीला आवळलं. कुंपणापलीकडून गुणाकाकींनी डोळ्यांवर हात धरला.

“वासू, तांडेलाचा इंजिन घेतलंस तर जाळा खय टाकतलंस रे? वाटेत?”

“तुझ्या चुलीत टाकतलंय, गुणाबाय. थयसर मासळी बरी मिळता.”

गुणाकाकी खुदकन हसल्या, पण वासूकाका हसले नाहीत.

वाट म्हणजे खाडीच्या तोंडाची वाट. दोन खडकांच्या मधून एकच खोल पाण्याचा पट्टा जातो. भरती त्यातूनच आत येते, मासा त्यातूनच येतो आणि होड्याही त्यातूनच जातात. तिथे जाळं टाकलं की एका रात्रीत टोपल्या भरतात. म्हणूनच तिथे कुणी टाकायचं नाही. बाबांच्या काकांची होडी अशाच एका चोरट्या जाळ्यात अडकून उलटली होती, आणि तांडेल झाल्यावर बाबांनी सगळ्या घरांना देवळात नारळावर हात ठेवायला लावला होता. मी कॉलेजात असताना वासू सारंगांनी तो शब्द मोडला. वाटेत जाळं टाकायचं तर बोये लावत नाहीत, टोकं दिसली तर माणूस सापडतो. पण जाळ्याला घराची खूण असते. जाळं वाहून गेलं तर ज्याचं त्याला परत मिळावं म्हणून प्रत्येक घर वरच्या दोरीला आपली काहीतरी खूण बांधतं. सारंगांची डांबरात बुडवलेली सुतळी. गुणाकाकींची निळी प्लास्टिकची फीत. आमची, आईच्या जुन्या साडीच्या पट्ट्या. बाबांनी ते जाळं वासू सारंगांनाच पाण्यातून ओढायला लावलं, वाडीसमोर वाळूवर त्याचा ढीग करायला लावला आणि काडीही त्यांच्याच हातात दिली. तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा, जळताना काळा धूर होतो आणि घशात बसतो. मी लांबून पाहिलं होतं. तेव्हापासून वासू सारंग आमच्या अंगणात आले नव्हते.

त्यांनी इंजिनाचं झाकण काढलं आणि एकेका स्क्रूवरून अंगठा फिरवला.

“काय बघतास?”

“पान्याच्ये खुणा. घाईत उघडलेल्या इंजिनाचे स्क्रू बोलतत.” ते पुढच्या स्क्रूकडे वळले. “कोणी उघडलेल्यान?”

“दिगून.”

“हात साफ आसा.”

हे ते नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाले. आतल्या खोलीच्या खिडकीकडे न बघता म्हणाले, पण खिडकी तिथून चार पावलांवर होती.

मग त्यांनी प्लग काढले, भोकावर अंगठा दाबला आणि मला दोरी ओढायला सांगितली. मी ओढली. आतल्या हवेने अंगठा फटकन उडाला. “दम आसा,” ते म्हणाले. दुसऱ्या भोकावरही तसंच झालं. प्लग पुसून परत बसवले, सोबत आणलेलं ताजं पेट्रोल जोडलं. दोन वेळा दोरी ओढली, काही झालं नाही. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं आणि सुरू झालं.

बाबा परत आले की तो आवाज आधी यायचा. वळणावर दिसायच्या आधी, माडांच्या मागून. आई तो ऐकून भात चुलीवरून उतरवायची. आताही आत खोबरं किसण्याचा आवाज येत होता, तो थांबला. इंजिनाच्या बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार निघून पिंपात पडायला लागली. गुणाकाकी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. मी खिडकीकडे पाहिलं. गजांच्या मागे दिगूच्या हाताची बोटं तेवढी दिसत होती.

चालतंय, मी मनात म्हटलं. झालं. चालतंय.

वासूकाकांनी इंजिन बंद केलं.

“चालता मा?” मी विचारलं.

“आता चालता. तेव्हा कशाक बंद पडला?” त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. “ह्याचा उत्तर नाय गावला तर चालून काय उपेग?”

दिगूची बोटं गजांवरून निघून गेली होती. तो हेच इतके महिने स्वतःला विचारत होता, आणि आता ते परक्या माणसाने अंगणात उभं राहून विचारलं. मला वाटलं, इथेच थांबावं. घ्या म्हणावं, न्या म्हणावं, आईला सांगावं की चालत होतं. पण आई हाच प्रश्न विचारणार होती. आमच्या घरात सगळे रस्ते त्या एका प्रश्नापाशी येऊन थांबत होते.

“बघा,” मी म्हटलं.

इंजिन पुन्हा मांगरात आणलं. उन्हात तेल पातळ होतं, सावलीत नीट दिसतं, असं ते म्हणाले. खालच्या पायाचा स्क्रू काढून त्यांनी करवंटी धरली. तिथलं तेल काळपट आणि दाट यायला हवं. आलं ते ताकासारखं पांढरं.

“पाणी शिरला,” ते म्हणाले. “दिगून हयसर हात लायलेल्यान?”

“नाय. वरच फक्त.”

“नक्की?”

“कार्बोरेटरच उघडलेल्यान. मी इचारलंय त्याका. धा वेळा इचारलंय.”

त्यांनी करवंटी खाली ठेवली. पाण्यातल्या पंख्याच्या मागे रबराची शील असते, ती फाटली की तेलात पाणी जातं, आणि ती उगीच फाटत नाही, असं त्यांनी मला समजावलं. पंख्यामागे दांड्यावर काहीतरी गुंडाळलं गेलं की ते गरम होऊन आत घुसतं आणि शील कापतं. इंजिनही त्यानेच अडकून बंद पडतं. “वरच्या कामाचो काय संबंध नाय,” ते म्हणाले, आणि मला तिथल्या तिथे दिगूला हाक मारावीशी वाटली. पण ते पंख्याची पिन काढायला लागले होते, म्हणून मी थांबले.

पंखा निघेना. त्यांनी मागे लाकूड धरून हातोडीने हलके ठोके दिले. मग तो एकदम सैल होऊन त्यांच्या हातात आला. मागे दांड्यावर वितळून घट्ट झालेलं तंगुसाचं कडं होतं. ते नख लावून ते सोडवू लागले. तुकडे निघत होते. एका तुकड्याबरोबर काहीतरी मऊ बाहेर आलं, तेलाने माखलेलं. त्यांनी ते बोटांनी चोळलं. एक टोक स्वच्छ झालं.

त्यांनी मूठ मिटली.

“चेडवा,” ते म्हणाले, “जरा पाणी हाड गो प्यायला.”

मी हलले नाही. टोक जांभळं होतं, आणि त्यावर पांढरी बुट्टी होती.

माझ्या पहिल्या पगारातून मी आईला एक साडी घेतली होती, जांभळी, पांढऱ्या बुट्टीची. एका लग्नाला नेसून गेली आणि तीच नेसून चुलीपुढे बसली. पदरावर ठिणगी पडली. मी रागावले होते. मागच्या दिवाळीत बाबांनी नवं जाळं केलं तेव्हा तिने ती साडी फाडून त्याच्या पट्ट्या बांधल्या. दुसऱ्या कुठल्याच जाळ्याला जांभळी पट्टी नव्हती. ते नवं जाळं बाबांबरोबर समुद्रात गेलं, असं आम्ही धरलं होतं.

“मूठ उघडा, वासूकाका.”

“तू भायर गेलंस तर बरा.”

“मी बघलंय.”

त्यांनी मूठ उघडली नाही. त्यांची नजर माझ्या डोक्यावरून दाराकडे गेली. मला आधी वाटलं, कुणी आलं. मग कळलं की ते बोये बघत होते. नवे कॅन, नवी लाल फडकी, आमचं आडनाव. एकदाही पाण्याला न लागलेले.

जाळं पाण्यात गेलं होतं. त्याचे बोये इथे, माझ्या डोक्यावर होते. इतके महिने मी ते हाताने बाजूला सारत होते.

वासूकाका खूप हळू बोलले, जवळजवळ ओठांतल्या ओठांत. भरती पूर्ण असताना रात्री टाकलं असणार. पहाटे उचलायला गेले तेव्हा सुकती लागली होती, पाणी उतरलेलं. तळाचं जाळं पंख्याच्या उंचीला आलं. बोये नाहीत, बत्ती लावायची सोय नाही. कुणाला दिसू नये म्हणून जे केलं त्याने त्यांनाही दिसलं नाही. पंखा अडकला, तेव्हा मागच्या अंगाला ओणवून ते कापायला लागले असणार.

“सुरी म्यानात नव्हती,” मी म्हटलं.

“हातात होती.”

त्या हंगामात बाहेरच्या मोठ्या बोटी रात्रभर दिवे लावून सगळं गोळा करून नेत होत्या. बाबा दिवसामागून दिवस रिकामे येत होते, हे दिगूने मला फोनवर सांगितलं होतं. मी पुस्तकांच्या कपाटांमधे उभी राहून ते ऐकलं होतं आणि येतील बरे दिवस, असं काहीतरी म्हटलं होतं.

“माझा जाळा जाळल्यान तेव्हा,” वासूकाका म्हणाले, “मी रवळनाथाक सांगलंय, ह्याका पण एक दिवस असोच वाडीसमोर उभो कर. वर्षां गेली. वाट बघलंय.” त्यांनी स्वतःच्या मुठीकडे पाहिलं. “आता हातात आसा. आणि मूठ उघडणा नाय.”

मी करवंटीतल्या पांढऱ्या तेलाकडे पाहिलं.

“इंजिन मी न्हेतंय. शील नवी घालतंय. कोणाक काय कळाचा नाय. तांडेलाचा नाव ऱ्हवतला.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. मूठ मिटलेली राहिली तर बाबांचं नाव राहणार होतं. देवळातला नारळ, पौर्णिमेचा मान, वाडीची ती सगळी घरं ज्यांनी बाबांच्या शब्दावर पोट मारून वाट मोकळी ठेवली. आणि आतल्या खोलीत दिगू राहणार होता, भिंतीला टेकून. कोल्हापूरला नेलं असतं तरी तो तिथल्या भिंतीला टेकूनच बसला असता. मांगरातून बाहेर पडायला एकच दार होतं आणि त्यात ते दोन कॅन लोंबत होते.

“दिगू,” मी हाक मारली. “भायर ये.”

वासूकाकांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. “चेडवा, इचार कर.”

“दिगू.”

तो आला. उघड्या अंगानेच, उन्हात डोळे बारीक करत. दारातून वाकून आत आला तेव्हा बोया त्याच्याही डोक्याला लागला. त्याने इंजिनाकडे पाहिलं नाही, वासूकाकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. निकाल ऐकायला आल्यासारखा.

वासूकाकांनी हात पुढे केला. बोटं उघडायला त्यांना वेळ लागला.

दिगूने ती पट्टी उचलली नाही. नुसती बघितली. मग पंख्यामागचं तंगूस बघितलं, करवंटीतलं पांढरं तेल बघितलं. आम्हाला जे समजून घ्यावं लागलं ते त्याला समजवायची गरज नव्हती. सगळ्यात शेवटी त्याने मागे वळून बोयांकडे पाहिलं. ते त्यानेच रंगवले होते.

“म्हणान माका वांगडा न्हेल्यानी नाय,” तो म्हणाला.

एवढंच. बाबांनी त्याला सोबत नेलं नव्हतं, कारण ते त्याच्यासमोर करता येणार नव्हतं. हसत म्हणाले की रागात, ते आता आठवायची गरज नव्हती. वासूकाका दुसरीकडे बघत उभे राहिले.

तेवढ्यात आई आली. घरी आलेल्या माणसाला काही न देता पाठवायची तिची रीत नव्हती, मग तो कुणीही असो. ताटलीत कोकमाच्या सरबताचे दोन पेले होते, वासूकाकांचा आणि माझा. ती दारात वाकली आणि तशीच थांबली. वासूकाकांचा हात अजून पुढे होता.

मी तिच्या आणि त्या हाताच्या मधे जायला हवं होतं का, हे मला अजून माहीत नाही. मी गेले नाही. तिने ताटली पेटीवर ठेवली. पट्टी उचलली, बोटांत धरून बुट्टीवरून अंगठा फिरवला. ती साडी तिने स्वतः फाडली होती, गाठी तिने स्वतः मारल्या होत्या. एकदा तिने वर बोयांकडे पाहिलं.

ती पट्टी घेऊन ती आत गेली. थोड्या वेळाने जळक्या कापडाचा वास आला, आणि त्यात तंगुसाचाही, तोच घशात बसणारा. वासूकाकांनी डोळे मिटून घेतले.

आई परत आली तेव्हा तिच्या हातात तिसरा पेला होता. तो तिने दिगूपुढे धरला.

“अंगात सदरो घाल,” ती म्हणाली. “घराकडे माणूस इल्लो आसा.”

दिगूने पेला घेतला. तो पेला एका दमात संपवून आत गेला. माझ्या बॅगेची चेन उघडल्याचा आवाज अंगणापर्यंत आला.

वासूकाकांनी पंखा परत बसवला. “वैनी, इंजिन माका नको,” ते म्हणाले. “घरातच ठेवा. शील हाडून देतंय, दिगू बसवतलो.” आईने माझा पेला उचलून त्यातलं सरबत त्यांच्या रिकाम्या पेल्यात ओतलं.

ते अंगणात आले तशी गुणाकाकींनी कुंपणावरून मान पुढे काढली. “काय रे वासू, मघाशी चालत होता मा इंजिन? मगे न्हेनस नाय? काय निघाला काय त्यात?”

वासूकाका थांबले. खोट नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न तयार होता, आणि त्याचं उत्तर संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीत गेलं असतं. ते गुणाकाकींकडे बघत राहिले.

“कार्बोरेटर चुकीचो बसलेलो, काकी,” मागून दिगू म्हणाला. तो सदऱ्याची बटणं लावत पायरीवर उभा होता. “माझ्याच हातान. वासूकाकान दाखवल्यान.”

गुणाकाकी चुकचुकल्या. मग बरं वाटल्यासारख्या आपल्या बांगड्यांकडे वळल्या. आई दारात होती. रिकामे पेले हातात धरून ती दिगू आत येईपर्यंत तिथेच उभी राहिली. त्या दुपारी तिने दिगूचं ताट वाढलं आणि त्यावर दुसरं ताट झाकलं नाही. समोर बसली. बांगड्याचा मधला काटा काढून तुकडा त्याच्या भातावर ठेवला, लहानपणी ठेवायची तसा.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आई गेल्या महिन्यात गेली. दिवस झाल्यावर दिगूने मला विचारलं, यंदाच्या जाळ्याला कुठली साडी फाडायची. वासूकाका असते तर त्यांनी चेष्टा केली असती, कोल्हापूरची मॅडम साड्या फाडूक इली म्हणून. मी तिची पेटी उघडून रोजच्या नेसण्यातली हिरवी निवडली. आम्ही मांगरात बसलो. दिगूने तिथल्या भिंतीला आता खिडकी पाडली आहे. मी पट्ट्या फाडत होते, तो बांधत होता. जाळं पुरं झालं तेव्हा त्याने दोन्ही टोकांना बोये बांधले आणि प्रत्येक गाठ ओढून पाहिली.

ते इंजिन आता चालत नाही. कोपऱ्यात फळीला आवळून ठेवलेलं आहे. बाहेर होडी बघायला आलेला कुणी पाहुणा खिडकीतून डोकावून विचारत होता, तांडेल गेले ते इंजिन म्हणतात ते हेच का.

“ह्याच,” दिगू गाठीवरून डोळे न काढता म्हणाला. “माझ्या हातचा.”